बावीस नंबरातलं लग्नघर

अगं, ते कपडे वाळत घालणं राहू दे जरा. आज पाऊस नाही, उद्याही नाही म्हणतायत. इकडे ये, कुंपणाजवळ. तुमच्या दारातून पत्र पडलं का आत? लाल पाकीट, सोबत मिठाईचा डबा? मिळालं ना? झालं तर मग, गल्लीत नोंद झाली तुमची.

वाचलंस का? ‘येत्या शुक्रवारी रात्री आमच्या घरी थोडा आवाज होईल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.’ त्यातला ‘थोडा’ तेवढा सोड, बाकी सगळं खरं आहे. बावीस नंबरातल्या धाकटीचं लग्न आहे, शनिवारी सकाळी, साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात. लग्नाचं काय गं, चार फेरे, अरदास, हलव्याचा प्रसाद, की झालं. बघण्यासारखे असतात ते त्याच्या आधीचे दिवस. मोठीचं लग्न मी शेजारात राहून सोसलंय आणि नाचलेयही. तू नवी, कोथरूडहून आलेली. रात्री दहाला दारात ढोल वाजला की घाबरून कौन्सिलला फोन लावशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मागच्या पंधरवड्यात तळणाचा वास आला असेल बघ तुला. ती त्यांची कढई. गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, गॅसची मोठी शेगडी आत लावली आणि बायका बसल्या मठ्ठ्या लाटायला. मठ्ठ्या, शकरपारे, बेसनाचे लाडू, सगळं घरी. पोतंभर मैदा संपला असेल. तुझ्या डब्यात आहे ती मिठाई साउथॉलच्या दुकानातली, पण खालच्या कागदात गुंडाळलेली मठ्ठी आहे ना, ती या गॅरेजमधली. ती आधी खा. आपल्याकडे केळवण असतं, बाकीच्यांनी नवरीला जेवू घालायचं. यांच्यात लग्नघरच महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊ घालतं. पोस्टमनही डबा घेऊन गेला.

बीजींना पाहिलंस ना? त्यांच्या आजी गं. पांढरी चुन्नी, पायात पळायचे बूट, सकाळी बागेत फेऱ्या मारतात त्या. सगळा कारभार त्यांचा. आणि गंमत ऐक, बीजी पंजाबातल्या नव्हेतच. जन्म नैरोबीचा, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात. इंग्रजांनी मोंबासापासून आत रूळ टाकले तेव्हापासून पंजाबी सुतार-लोहार तिकडे जायला लागले, त्यातलं हे घराणं. केनिया स्वतंत्र झाल्यावर लोकांना वाटलं, आता इथे आपलं काही खरं नाही. त्यात बातमी आली की इंग्लंड दार लावून घेणार. १९६८ च्या मार्चमध्ये तसा कायदा झालाच. बीजी त्याच्या थोडं आधी विमानातून उतरल्या, एक ट्रंक आणि कडेवर पोर घेऊन. पंजाबात उभ्या आयुष्यात सगळे मिळून काही महिने राहिल्या असतील. पण गाणी विचार. नवरीकडची सुहाग वेगळी, नवऱ्याकडची घोडी वेगळी, कुठल्या वेळी कुठलं म्हणायचं, सगळं तोंडपाठ. जालंधरहून आलेल्या सुना त्यांच्याकडून शिकतात. तिकडे आता लग्न रिसॉर्टवर, गाणी डीजेची, मामीलाच मामीचं काम माहीत नाही, असं त्या सुनाच सांगतात. मला विचारशील तर यात नवल नाही. घर सोडून आलेली माणसं रीतभात जास्त जपतात. आपल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला ये, मग कळेल. १९३२ पासूनचं मंडळ आहे ते.

तू तो सिनेमा पाहिलायस का, ‘बेंड इट लाइक बेकहॅम’? २००२ चा. फुटबॉल खेळणारी पोरगी, थोरल्या बहिणीचं लग्न आणि त्याच दिवशी मॅच. तो आपल्याच हाउन्स्लोतला. तो काढणारी गुरिंदर चढ्ढाही नैरोबीत जन्मलेली, साउथॉलला वाढलेली. बीजींना सिनेमा पसंत नाही. म्हणतात, लग्नाचं आणखी दाखवायला हवं होतं, फुटबॉल काय टीव्हीवर असतोच.

बरं, तिकडचं कुंपण बघ. नाही, आमच्या पलीकडचं. काँक्रीटचे खांब जागेवर आहेत, पण मधल्या फळ्या उचलून ठेवल्यात गॅरेजमागे. मांडव त्यांच्या बागेत मावत नव्हता. भाभी, म्हणजे नवरीची आई, येऊन म्हणाल्या, दीदी, दो-चार दिन के लिए. आमचे हे म्हणाले, दोन-चार दिवस कशाला, पुन्हा लावूच नका. आता आमच्या टोमॅटोच्या कुंड्यांपासून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत एकच अंगण झालंय. पांढरा मांडव, कोपऱ्यात हीटर, भाड्याचं शौचालय. बाहेर घरभर दिव्यांच्या माळा आहेत त्या बघितल्यासच. आमच्या झोपायच्या खोलीत रात्रभर जांभळं-हिरवं होतं. आता मी डोळ्यांवर ओढणी बांधून झोपते.

हो, रोका, म्हणजे लग्न पक्कं करणं, हिवाळ्यातच झाला. चुन्नीही झाली, म्हणजे सासरच्यांनी येऊन लाल चुन्नी पांघरली, दागिने घातले, मिठाई भरवली. ते सगळं मोजक्या माणसांत. आणि दोन शनिवारांपूर्वी हॉलमध्ये संगीत झालं, तिथे आम्ही गेलो होतो. त्याबद्दल फार बोलत नाही. नाच बसवणारा पगारी माणूस, दर पाच मिनिटांनी धूर सोडणारं यंत्र, आणि मुलीच्या मावशांना बसायला मागची टेबलं. फक्त खायला मोगो होता तो छान. मोगो म्हणजे तळलेला कसावा, तिखट-लिंबू मारून. पंजाब्यांच्या पानात तो आफ्रिकेतून आला, आता त्याशिवाय इथलं संगीत होत नाही. खरं संगीत म्हणशील तर गेल्या बुधवारचं. बायका जमिनीवर, मध्ये ढोलकी, एकीने ढोलकीच्या लाकडावर चमचा धरलेला. तो चमच्याचा ठेका एकदा कानात बसला की पाय गप्प राहत नाहीत. मी अकराला घरी आले ती पायऱ्यांवरही ताल धरतच.

गेल्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत मात्र तिकडे सगळं शांत होतं ना? तेव्हा अखंड पाठ होता. गुरू ग्रंथ साहिब सलग वाचायचा, १४३० पानं, ४८ तास, मध्ये खंड नाही. वाचणारे बदलत राहतात, रात्री तीनलाही कोणीतरी वाचतच असतं आणि कोणीतरी ऐकतच असतं. पुढची खोली रिकामी केली, पांढऱ्या चादरी अंथरल्या. त्यांचा सोफा आमच्याकडे आहे, म्हणून तर परवा तुला मोड्यावर बसवलं. ग्रंथ गुरुद्वाऱ्यातून आणतात तोही बघण्यासारखा. डोक्यावर घेऊन, अनवाणी, पुढे एकजण पाणी शिंपडत. गल्लीतल्या गाड्या थांबल्या होत्या. कुणी हॉर्न वाजवला नाही.

आता ऐक, हे कुणाला सांगू नकोस. ग्रंथ घरात असेपर्यंत दारू-मटण काही चालत नाही. पण लग्नासाठी आणलेली व्हिस्की तर येऊन पडलेली. मग ती कुठे? आमच्या शेडमध्ये! गवत कापायच्या यंत्रामागे. आमचे हे चौकीदार. दर दोन तासांनी जाऊन बघून येत होते, इतकी जबाबदारी त्यांनी माझ्या आजारपणातही घेतली नव्हती. रविवारी भोग पडला, म्हणजे पाठ संपला, लंगर झाला, ग्रंथ मानाने परत गेला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तोच भाभींचे दीर आमच्या मागच्या दारात. म्हणाले, भाईसाब, वो चाबी?

पाठ ऐकायला मी रात्री बसले होते. वाचणारे भाईजी चहाला उठले तेव्हा भाभींनी माझी ओळख करून दिली, ये महाराष्ट्र से हैं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, भगत नामदेवजींच्या मुलखातल्या तुम्ही. माझ्या अंगावर काटाच आला गं. ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि ती दर पाठात येतात, हाउन्स्लोच्या या पुढच्या खोलीतही येऊन गेली असणार. त्यांना घुमान ठाऊक होतं, गुरदासपूर जिल्ह्यातलं, नामदेव जिथे राहिले ते. मी सांगितलं, आमचं मराठी साहित्य संमेलन २०१५ साली तिथे भरलं होतं. ते म्हणाले, आणि आमचे दहावे गुरू तुमच्या नांदेडला. बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

तर पाठ झाला, आता बायकांचा आठवडा. आणि इथे एक मजेशीर भांडण आहे. शिखांची रहित मर्यादा आहे, १९४५ साली मंजूर झालेली. त्यात लग्न कसं साधं करावं ते लिहिलंय. मनगटाला गाना नावाचा लाल दोरा बांधणं नको, सेहरा नको, घडोली म्हणजे घडा भरून आणणं नको, दारू तर नकोच. भाभींचे दीर ते दरवेळी वाचून दाखवतात. हो, तेच, चावीवाले. बीजी शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, पुत्तर, गुरुघरात गुरूचं चालेल, अंगणात माझं. मला हे पटतं. पोथीत लिहिलेलं पुरुष सांभाळतात. आणि जे कुठेच लिहिलेलं नाही, कुठल्या दारावर कोणी तेल ओतायचं, कोणी आधी हात लावायचा, ते या बायका सांभाळतात. न लिहिलेलं सांभाळायला जास्त डोकं लागतं, माझं मत.

गुरुवारी माइयां, म्हणजे आपली हळदच. पाटावर बसवतात, पाटाखाली रांगोळी, चौघी जणी डोक्यावर फुलकारी धरतात. वटणा लावतात, बेसन, हळद आणि मोहरीचं तेल कालवून. इथल्या दुकानात मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर छापलेलं असतं बघ, ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’. वर्षभर सगळे पंजाबी आणि बंगाली त्यातच मासे तळतात, आणि वर्षातून एकदा, लग्नात, ते त्या छापलेल्या सूचनेबरहुकूम वापरलं जातं. माइयांला बसल्यावर मुलीने घराबाहेर पडायचं नाही. पूर्वी आठ-आठ दिवस बसवत. ही पोरगी हॉस्पिटलात डॉक्टर, बुधवारी रात्रपाळी करून गुरुवारी सकाळी येणार. बीजी म्हणाल्या, झोपून उठली की बसवू.

तू ये हं. जुने कपडे घालून ये. मुलीला लावून झालं की उरलेला वटणा एकमेकींच्या तोंडाला फासतात, आणि तो डाग जात नाही. मोठीच्या वेळची माझी एक साडी आता पडदा झालीय.

मग येतात नानके. मुलीच्या आईचं माहेर. यांच्या लग्नात नानक्यांना जो मान आहे ना, तेवढा वरपक्षाला नाही. मामा सगळ्या घराला कपडे आणतो, भाचीला सोनं. त्याला नानकी शक म्हणतात. आपला मामा भाचीला बोहल्यावर आणून उभा करतो आणि जेवायला बसतो. यांचा मामा येतो तेव्हा त्याच्या दोन बॅगांचं वजन जास्त भरलेलं असतं. हा मामा कॅनडातल्या सरेचा आहे, इथलं सरे नव्हे. तिथल्या पंजाब्यांचं एक वेगळंच, सगळं इथल्याहून मोठं हवं. भाभी दोन दिवस काळजीत आहेत, तो लिमोझिन ठरवेल म्हणून. आपल्या गल्लीत ती वळणार नाही.

चुडा त्यानेच भरायचा, थोरल्या मामाचा मान. लाल-पांढऱ्या बांगड्या, मुळात एकवीस, पाणी घातलेल्या दुधात बुडवून ठेवतात, वर गुलाबाच्या पाकळ्या. मुलीने आधी बघायचा नसतो, म्हणून तिचे डोळे झाकतात आणि भरून झाला की वर पांढरं कापड गुंडाळतात. तिथे सगळे रडतात, मामा सर्वांत जास्त. पूर्वी चुडा हस्तिदंताचा असे. १९८९ साली हस्तिदंताच्या जागतिक व्यापारावर बंदी ठरली, आता सगळं प्लास्टिक. साउथॉल ब्रॉडवेला काचेच्या कपाटांत रचून ठेवलेले दिसतील तुला, इथून १२० नंबरची बस पकड. पूर्वी वर्षभर घालत, मग सवा महिन्यावर आलं. हिच्या हॉस्पिटलात तर कोपराखाली हातात काही चालत नाही, साधी अंगठी सोडली तर. म्हणजे चुड्याचं आयुष्य तिच्या रजेइतकं. मग बहिणी कलीरे बांधतात, सोनेरी लोंबते झुंबर, आणि ती ते कुमारिकांच्या डोक्यावर हलवते. जिच्यावर तुकडा पडेल तिचं लग्न पुढे. मोठीच्या वेळी तुकडा या धाकटीवरच पडला होता. ती तेव्हा ओरडली होती, मला शिकायचंय!

आता मुख्य गोष्ट. शुक्रवारची जागो. नानक्यांची मामी डोक्यावर पितळी घागर घेते, तिच्या काठाने कणकेचे दिवे पेटवलेले. दुसरीच्या हातात घुंगरांची काठी. तिसरीकडे छज्ज, म्हणजे आपलं पाखडायचं सूप, गोटा आणि आरसे लावून सजवलेलं. ते काठीने बडवत नाचायचं, मोडेपर्यंत. ढोल असतोच. गावाला झोपेतून उठवायचं की आमच्याकडे लग्न आहे, या. आणि इथे कायदा काय, रात्री ११ ते सकाळी ७ शांतता, फटाक्यांनाही तीच वेळ. त्यात हा जून. सव्वानऊला सूर्य मावळतो. म्हणजे अंधार पडल्यापासून अकरापर्यंत जे काय तास-दीड तास मिळतील त्यात सगळी गल्ली उठवायची, जी मुळात झोपलेलीच नसते. दिवसभर दर दीड मिनिटाला डोक्यावरून विमान जातं त्याला कुणी पत्र टाकून क्षमस्व म्हणत नाही. बीजी निदान मिठाई तरी पाठवतात.

नानक्यांच्या बायका यंदा कमी आहेत. भाभींची एक बहीण लुधियान्याला, तिची सून बाळंत व्हायची. दुसरी वुल्व्हरहॅम्प्टनची, तिचे गुडघे. म्हणून मला नानक्यांत घेतलंय. नानक्यांनी सिठणियां म्हणायच्या असतात, दुसऱ्या बाजूला गाण्यातून शिव्या. विहीण जाडी, व्याही कंजूस, असलं. तोंडावर, आणि कुणी रागवायचं नाही. मोठीच्या वेळी माझी पाळी आली तर मला कुठे पंजाबी येतं? मी उखाणाच ठोकला. ‘हीथ्रोच्या आभाळात विमानांची रांग, अमुकराव लपले कुठे, कुणीतरी सांग.’ कुणाला शब्द कळला नाही, पण ठेका कळला. सगळ्यांनी शेवटचं ‘सांग’ धरलं आणि ह्यांना शेडमधून ओढून आणलं.

पण खरं सांगायचं ते हे. दारोदार जागो जाते तेव्हा घरातल्या माणसाने बाहेर येऊन त्या दिव्यांत तेल घालायचं असतं. मोठीच्या वेळी समोरचे इंग्रज आजोबा बाहेर आले, रात्रीच्या झग्यात. त्यांना भाभींनी रीत आधी समजावून सांगितलेली. हातात ऑलिव्ह तेलाची बाटली, चांगली महागातली. मामी घागर घेऊन थबकली. मोहरीच्या दिव्यात हे कसं घालायचं? बीजी मागून ओरडल्या, पा दे, पा दे! घातलं. चांगलं जळलं. आजोबा नंतर आत जाऊन आजींनाही घेऊन आले, आणि त्या दोघांनी अकराला पाच कमी असेपर्यंत नाच पाहिला.

यंदा कॅनडाची मामी येताना नवीन घागर आणतेय. बॅटरीवर चालणारी, रंग बदलणारे दिवे, डोक्यावर तेल सांडायची भीती नाही. व्हिडिओवर दाखवली तिने. सगळ्या पोरी म्हणाल्या, वॉव. बीजींनी बघितली, चष्मा काढला, पुसला, परत बघितली. एवढंच विचारलं, ‘यात शेजारी तेल कुठे घालणार?’ फोनवर कुणी बोलेना. मग भाभींनी माळ्यावरून जुनी घागर काढली, चिंच लावून घासली. ती पलीकडे उन्हात चमकतेय ना, तीच.

दिसायला सगळं त्यांच्या घरचं, पण नीट बघ, घर एकट्याने काहीच करत नाही. सोफा आमच्याकडे, बाटल्या आमच्याकडे, मांडव निम्मा आमच्या टोमॅटोत, तेल गल्लीचं. अशा लग्नाला हॉल आणि यादी पुरत नाही, शेजार लागतो. तो संगीताच्या हॉलमध्ये भाड्याने मिळत नाही, म्हणून मला तो हॉल आवडला नाही.

शनिवारी सकाळी नऊला निघायचं. हॅवलॉक रोडचा गुरुद्वारा, २००३ साली उघडलेली ती मोठी इमारत. १८५७ त कानपूर-लखनौवर चालून गेलेला हॅवलॉक, त्याच्या नावाचा रस्ता. आता गुरुद्वाऱ्यासमोरच्या तुकड्याला गुरू नानक रोड म्हणतात. डोकं झाकायला ओढणी घे, तुझ्या नवऱ्याला रुमाल दे. आमच्या गाडीत दोन जागा आहेत.

पण त्याआधी शुक्रवार. साडेनऊनंतर कधीही येतील. दिवे मालवून घरात नाही असं दाखवू नका, मागच्या भाडेकरूंनी तसं केलं होतं आणि बीजींना अजून आठवतं. दार उघडून दोघंही बाहेर या. तेल वाटीत काढून ठेव, बाटलीने घातलं की सांडतं. मोहरीचं नसेल तर सूर्यफुलाचं चालेल.